अठरा जून : एका तारखेचा अभ्यास

मृग नक्षत्राच्या सरी स्थिरावलेल्या असतात, शाळांची नवी पुस्तके अजून कोरी असतात, आणि अशा वेळी दिनदर्शिकेच्या पानावर अठरा जून ही तारीख येते. गोमंतकात या तारखेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पणजी शहरातील एका वर्दळीच्या रस्त्याला तिचेच नाव आहे, मडगावच्या लोहिया मैदानावर त्या दिवशी मानवंदना होते आणि शाळाशाळांतून क्रांतिदिनाची भाषणे होतात. तथापि याच तारखेला जगाच्या इतर भागांत, निरनिराळ्या वर्षी काय काय घडले याचा एकत्र विचार क्वचितच केला जातो. शाळेच्या फळ्यावर ‘दिनविशेष’ या मथळ्याखाली रोज चार ओळी लिहिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. त्या चार ओळींतून खरा इतिहास शिकता येईल काय, आणि येत असेल तर तो कोणत्या रीतीने, याचा शोध अठरा जून या एकाच तारखेच्या आधारे घेण्याचा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

मडगावचा पाऊस

प्रारंभ घरापासून करणे उचित होय. १९४६ च्या एप्रिल महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया यांची कारावासातून सुटका झाली. लाहोरच्या किल्ल्यात झालेल्या छळामुळे त्यांची प्रकृती ढासळली होती. बर्लिन येथे शिकत असताना त्यांचा स्नेह जडलेले डॉ. ज्युलियांव मिनेझिस हे गोमंतकीय. त्यांच्या निमंत्रणावरून लोहिया जूनच्या पूर्वार्धात सासष्टीतील असोळणे गावी विश्रांतीसाठी आले. विश्रांती मात्र मिळावयाची नव्हती. पाहुणे कोण आहेत हे कळताच लोक भेटीस येऊ लागले. सभा घेण्यास, भाषण करण्यास, काही छापण्यास सरकारी परवानगी लागते आणि लग्नपत्रिकाही तपासणीवाचून सुटत नाही, ही गाऱ्हाणी त्यांच्या कानांवर पडू लागली. पोर्तुगालमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यातील माणसाचे नागरिकत्व आणखी उणे केले होते.

लोहिया व मिनेझिस यांनी परवानगी न घेता जाहीर सभेत बोलण्याचे ठरविले. दिवस मुक्रर झाला तो मंगळवार, १८ जून १९४६. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. भाड्याच्या मोटारी मिळेनात म्हणून दोघे घोडागाडीने सभास्थानी आले, असे त्या प्रसंगाच्या वर्णनांत नमूद आहे. जमाव मोठा होता. लोहिया बोलू लागताच प्रशासकाने पिस्तूल उगारले. लोहियांनी त्याचा हात धरून त्यास बाजूला सारले. दोघांनाही अटक झाली आणि पुढे लोहियांना गोव्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले. सभा म्हणून पाहिले तर ती पुरती झालीही नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दिवशीची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: बोलण्याची, जमण्याची, लिहिण्याची मुभा. माणसाला आपल्या गावच्या चौकात उभे राहून चार शब्द बोलता यावेत, एवढेच तिचे स्वरूप होते. परंतु जी राजवट एवढेही सहन करू शकत नाही ती सुधारणार नाही, तिचा अंतच व्हावा लागेल, हे त्या एका दुपारी हजारोंना उमगले. पुढील आठवड्यांत सत्याग्रहांची मालिका सुरू झाली. महात्मा गांधींनी ‘हरिजन’ पत्रातून लोहियांच्या कृतीचे समर्थन केले. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरले. कुळे रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले.

गोमंतकीय नेत्यांनी मोजलेली किंमत याहून जड होती. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायासनासमोर खटला चालून त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे व जुझे इनासियु लॉयोला यांनाही हद्दपार करून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. मडगावची ती सभा आणि १९ डिसेंबर १९६१ ची गोवामुक्ती यांमध्ये साडेपंधरा वर्षांचे अंतर आहे. हे अंतर भाषणांत सहज ओलांडले जाते. ज्यांनी ते जगून काढले त्यांना ते किती लांब वाटले असेल याची कल्पना विद्यार्थ्यांनी करून पाहावी. अठरा जून १९४६ रोजी जन्मलेले मूल गोवा मुक्त झाला तेव्हा पंधरा वर्षांचे झाले होते.

ग्वाल्हेरचे रणांगण आणि तारखेचा प्रश्न

मराठी भाषकांच्या दृष्टीने या तारखेचे दुसरे स्थान ग्वाल्हेर हे होय. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे बलिदान तेथे १८५८ साली झाले. फुलबागेजवळील त्यांच्या समाधीस्थानी जूनच्या या दिवसांत दरवर्षी श्रद्धांजली वाहिली जाते.

घटनाक्रम संक्षेपाने असा. गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये निवर्तले. दत्तक पुत्र दामोदरराव यांचा हक्क लॉर्ड डलहौसी यांनी नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी संस्थान खालसा झाले. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशी जिंकली. राणीसाहेब काल्पीस गेल्या. तेथेही पराभव झाल्यावर त्या, रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेरकडे मोर्चा वळविला व १ जून रोजी ते शहर हस्तगत केले. जयाजीराव शिंदे आग्र्यास निघून गेले. त्यानंतर अवघ्या अडीच आठवड्यांत इंग्रज फौज ग्वाल्हेरच्या वेशीवर आली आणि शहराच्या आग्नेयेस असलेल्या कोटा की सराय येथे लढाई जुंपली. या संग्रामात राणीसाहेबांना वीरगती प्राप्त झाली.

परंतु कोणत्या दिवशी? इंग्रजी कागदपत्रांवरून लिहिलेल्या बहुतेक इतिहासांत १७ जून ही तारीख आढळते. भारतात मात्र पुष्कळ ठिकाणी १८ जून हा बलिदानदिन म्हणून पाळला जातो. परंपरेने सांगितली जाणारी तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी ही आहे आणि ती अठरा जूनशी जुळते. ज्या रणधुमाळीत सेनानी कोण पडला हे शत्रूलाही तत्काळ उमगत नाही आणि स्वपक्षीयांना शव शत्रूच्या हाती पडू नये म्हणून घाईने अग्निसंस्कार उरकावे लागतात, तेथे तारखेचा असा घोटाळा होणे अस्वाभाविक नाही.

अशा वेळी विद्यार्थ्याने काय करावे? दोहोंपैकी एक तारीख डोळे मिटून पाठ करणे सोपे आहे. पण अभ्यासाची रीत वेगळी आहे. दोन्ही तारखा लिहाव्यात, प्रत्येकीचा आधार काय तो सांगावा, आणि लोक कोणत्या दिवशी स्मरण करतात हेही नोंदवावे. त्यामुळे राणीसाहेबांचे मोठेपण तिळमात्र उणे होत नाही, आणि सत्याविषयीचा आदर मात्र वाढतो. १८५७ च्या धामधुमीत कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले. ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापले गेले. एका सामान्य भिक्षुकाने लिहून ठेवले म्हणून झाशीच्या त्या दिवसांची कितीतरी चित्रे आज मराठी वाचकाला उपलब्ध आहेत. लेखणी उचलणारा एक साक्षीदार किती मोलाचा असतो याचे हे उदाहरण होय.

वॉटर्लू आणि महाराष्ट्र

अठरा जून म्हटले की युरोपातील माणसाला प्रथम आठवते ती १८१५ ची वॉटर्लूची लढाई. त्या रविवारी, आजच्या बेल्जियममध्ये, नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. आदल्या रात्री मुसळधार पाऊस पडून शेते चिखलमय झाली होती. तोफा व घोडदळ हलविणे दुष्कर झाल्याने नेपोलियनने सकाळचा हल्ला लांबणीवर टाकला. लढाईला तोंड लागेपर्यंत दुपार होत आली होती. तेवढ्या अवधीचा लाभ होऊन ब्ल्यूखर यांचे प्रशियन सैन्य वेलिंग्टनच्या मदतीस दिवस मावळण्यापूर्वी पोहोचू शकले. पावसाने विलंब केला आणि विलंबाने साम्राज्य गेले, असे काही अभ्यासक मानतात. अर्थात केवळ पावसामुळे लढाया हरल्या जात नाहीत, हेही तितकेच खरे.

या लढाईचा मराठी मुलुखाशी संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे. वेलिंग्टनचा ड्यूक म्हणजेच आर्थर वेलस्ली. १८०२ अखेर झालेल्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावास पुण्याच्या गादीवर पुन्हा बसविण्यासाठी जी फौज आली तिचा तो सेनानी होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी मुकाबला केला. मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची तेथे मोठी हानी केली. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात आपली सर्वोत्कृष्ट लढाई कोणती असे विचारता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे सांगतात.

आता धागा पुढे न्यावा. ज्या बाजीरावास वेलस्लीने गादीवर बसविले त्याचे राज्य १८१८ मध्ये इंग्रजांनीच घेतले आणि त्याला गंगेकाठी बिठूर येथे पाठविले. त्याच बिठूरच्या वाड्यात मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका वाढली, आणि तीच पुढे झाशीची राणी झाली. म्हणजे १८१५ चा अठरा जून आणि १८५८ चा अठरा जून यांमध्ये तारखेचे साम्य हा केवळ योगायोग असला तरी घटनांचा संबंध योगायोगाचा नाही. कार्यकारणभाव तारखेत नसतो. तो माणसांच्या कृतीत आणि त्यांच्या परिणामांत असतो. दिनविशेषाच्या चार ओळींमागे हा धागा शोधणे, हाच इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ होय.

फारसे कोणी न ऐकलेले भाषण

१८ जून १९४०. फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला होता आणि शस्त्रसंधीची बोलणी चालू होती. लंडनमध्ये नुकत्याच पोहोचलेल्या चार्ल्स द गॉल या सेनाधिकाऱ्याने त्या सायंकाळी बी.बी.सी. वरून आपल्या देशबांधवांना आवाहन केले की लढाई संपलेली नाही, प्रतिकार चालू ठेवावा. त्याच दिवशी ब्रिटिश संसदेत विन्स्टन चर्चिल यांनीही आपले सुप्रसिद्ध भाषण केले.

द गॉल यांचे भाषण त्या दिवशी फारच थोड्या फ्रेंच लोकांनी ऐकले. नभोवाणीने त्याचे ध्वनिमुद्रणही केले नव्हते. आज जे ध्वनिमुद्रण पुष्कळदा ऐकविले जाते ते चार दिवसांनंतर, २२ जून रोजी, केलेल्या दुसऱ्या भाषणाचे आहे. तरीही फ्रान्समध्ये स्मरणाचा दिवस आहे तो अठरा जून. ज्या दिवशी शब्द उच्चारला गेला त्याला मान मिळाला, ऐकणाऱ्यांची संख्या मोजली गेली नाही.

मडगाव आणि लंडन यांची येथे आपोआप तुलना होते. एका ठिकाणी भाषण पुरे होऊ दिले नाही, दुसऱ्या ठिकाणी ते पुरे झाले पण फारसे कोणी ऐकले नाही. त्या त्या सायंकाळी कोणी हिशेब मांडला असता तर दोन्ही प्रसंग निष्फळ ठरले असते. एखाद्या दिवसाचे माहात्म्य त्याच दिवशी कळत नाही. ते नंतरच्या माणसांच्या चिकाटीने सिद्ध होते.

आकाशमार्गाचे प्रवासी

१९२८ सालचा अठरा जून हा विमानविद्येच्या इतिहासात आनंदाचा आणि शोकाचाही दिवस ठरला. त्या दिवशी अमेलिया इअरहार्ट यांना घेऊन आलेले ‘फ्रेंडशिप’ हे विमान न्यूफाउंडलंडहून निघून वेल्समधील बरी पोर्ट येथे उतरले. अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र विमान चालविले होते स्टल्झ व गॉर्डन या दोन पुरुषांनी. त्या स्वतः प्रवासी होत्या आणि ही उणीव त्यांना सलत होती. चार वर्षांनी, १९३२ च्या मे महिन्यात, त्यांनी एकटीने विमान चालवून तोच महासागर पार केला.

त्याच दिवशी उत्तरेकडे नॉर्वेच्या ट्रॉम्सो बंदरातून एका सागरी विमानाने उड्डाण केले. त्यात होते दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या तुकडीचे नायक रोआल्ड अमुंडसेन. इटलीचे उंबर्तो नोबिले यांचे वायुयान ध्रुवीय प्रदेशात कोसळले होते आणि त्यांच्या शोधार्थ अमुंडसेन निघाले होते. नोबिले यांच्याशी त्यांचे पूर्वी कडाक्याचे वितुष्ट आले होते. तरीही ते निघाले आणि परतले नाहीत. नोबिले मात्र वाचले.

याच मार्गावर पुढे अवकाशयात्रा येते. १९६३ च्या अठरा जूनला रशियाच्या वालेंतिना तेरेश्कोवा पृथ्वीभोवती भ्रमण करीत होत्या. १६ जूनला निघालेल्या त्या १९ जूनला परतल्या. बरोबर वीस वर्षांनी, १८ जून १९८३ रोजी, सॅली राईड या ‘चॅलेंजर’ यानातून अवकाशात गेल्या. अमेरिकेच्या त्या पहिल्या महिला अंतराळवीर. यान झेपावले तेव्हा फ्लोरिडात सकाळचे साडेसात वाजले होते आणि भारतात सायंकाळचे पाच.

सतरा धावांत पाच गडी

त्याच घटकेस इंग्लंडमध्ये दुपार होती. टनब्रिज वेल्स या छोट्या गावच्या नेव्हिल मैदानावर भारत आणि झिंबाब्वे यांचा विश्वचषकाचा सामना चालू होता. कर्णधार कपिल देव यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, आणि पाहता पाहता सुनील गावसकर, श्रीकांत, अमरनाथ, संदीप पाटील व यशपाल शर्मा तंबूत परतले. धावफलकावर आकडे होते पाच बाद सतरा. सामना हरल्यास पुढची वाट जवळजवळ बंद होणार होती.

चोवीस वर्षांच्या कर्णधाराने प्रथम पडझड सावरली. रॉजर बिन्नी यांच्याबरोबर धावसंख्या सत्त्याहत्तरपर्यंत नेली, मदनलाल यांच्याबरोबर एकशेचाळीसपर्यंत, आणि मग यष्टिरक्षक सय्यद किरमाणी यांच्या साथीने नवव्या गड्यासाठी अभेद्य १२६ धावा जोडल्या. साठ षटकांत भारताच्या आठ बाद २६६ धावा झाल्या. त्यांत कपिल देव यांच्या नाबाद १७५ : चेंडू १३८, चौकार सोळा, षटकार सहा. एकदिवसीय सामन्यांत भारतीयाने केलेले हे पहिले शतक आणि त्या वेळी जगातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या. झिंबाब्वेचा डाव २३५ धावांत आटोपला व भारत एकतीस धावांनी विजयी झाला. पुढच्याच शनिवारी, २५ जून रोजी, लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला.

या खेळीत किरमाणी यांच्या वाट्याला नाबाद चोवीस धावा आल्या. दिनविशेषाच्या ओळीत चोवीसला जागा मिळत नाही. पण नवव्या गड्याने दुसरे टोक धरून ठेवले नसते तर १७५ चा आकडा झालाच नसता, हे खेळाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

या सामन्याचे दूरचित्रण उपलब्ध नाही. बी.बी.सी.च्या कर्मचाऱ्यांचा त्या दिवशी संप होता असे कारण सांगितले जाते. जगातील थोर खेळ्यांपैकी एक खेळी आज केवळ धावपुस्तिकेत, मोजक्या छायाचित्रांत आणि मैदानावर उपस्थित असलेल्यांच्या आठवणींत शिल्लक आहे.

हार, जीत आणि निरोप

क्रीडाक्षेत्रात या तारखेने भारताला नेहमीच गोड अनुभव दिला असे नाही. रविवार, १८ जून २०१७ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर चँपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा १८० धावांनी पराभव केला. त्याच दिवशी त्याच शहरात भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला सात विरुद्ध एक गोलांनी नमविले, आणि तिकडे जकार्ता येथे किदंबी श्रीकांत याने इंडोनेशियन खुल्या बॅडमिंटन स्पर्धेचे विजेतेपद पटकाविले. दुसऱ्या दिवशी घराघरांत चर्चा झाली ती मुख्यतः क्रिकेटच्या पराभवाचीच. काय लक्षात ठेवावे याची निवड समाज करीत असतो, आणि ती निवड नेहमीच न्याय्य असते असे नाही.

१८ जून २०२१ रोजी धावपटू मिल्खासिंग यांचे चंदीगड येथे निधन झाले. फाळणीत आप्त गमावून निर्वासित म्हणून आलेल्या या मुलाने आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. तथापि १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील चारशे मीटरच्या शर्यतीत ते चौथे आले, आणि ती चौथी जागाच देशाने हृदयाशी जपली. त्याच दिवशी साउदम्पटन येथे पहिल्या कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्याचा पहिला दिवस पावसाने पूर्णतः वाया गेला.

फुटबॉलप्रेमी गोमंतकीयांसाठी आणखी एक नोंद. मडगावात सभा झाली त्याच दिवशी, १८ जून १९४६ रोजी, इटलीत फाबिओ कापेल्लो यांचा जन्म झाला. १९७३ साली वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध इटलीला पहिला विजय मिळवून देणारा गोल त्यांचा. पुढे ते इंग्लंडच्याच संघाचे प्रशिक्षक झाले. एव्हरेस्टवर १९२४ मध्ये नाहीसे झालेले गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी (१८८६) आणि बीटल्स गायकवृंदातील पॉल मकार्टनी (१९४२) यांचाही हाच जन्मदिन.

वाङ्मयाच्या क्षेत्रातील दोन थोर पुरुष याच तारखेस कालवश झाले : १९३६ मध्ये रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की आणि २०१० मध्ये पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागु. सारामागु यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोर्तुगीज भाषेला मिळालेले ते पहिले. गोमंतकीय वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ज्या राजवटीने लोहियांना अटक केली आणि कुन्हांना पेनिशला धाडले, तिनेच पोर्तुगालमधील स्वतंत्र वृत्तीच्या माणसांनाही त्याच किल्ल्यात डांबले होते. ती राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मडगावचा लढा हुकूमशाहीशी होता. पोर्तुगीज माणसाशी किंवा त्याच्या भाषेशी नव्हता, हा भेद त्या पिढीने जाणला होता.

तारखेचा खरा उपयोग

एकाच तारखेला घडलेल्या घटना एका माळेत ओवल्या की गूढ काही तरी आहे असा भास होतो. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि इतिहास हजारो वर्षांचा. तेव्हा प्रत्येक दिवसाच्या वाट्याला युद्धे, जन्म, मृत्यू व पराक्रम येणारच. कोणताही दिवस स्वभावतः शुभ वा अशुभ नसतो. शिवाय तारीख ही मनुष्याने केलेली मोजणी आहे. पोर्तुगालने १५८२ मध्ये पंचांग सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडने तीच सुधारणा १७५२ मध्ये केली. गॉर्कींचा जन्मदिवस जुन्या रशियन गणनेने १६ मार्च व नव्या गणनेने २८ मार्च येतो. तिथीप्रमाणे पाहावे तर दिवस दरवर्षी पुढेमागे सरकतो. म्हणून दिनविशेष लिहिताना गणना कोणती, हे पाहणे आवश्यक ठरते.

मग तारखेचा उपयोग काय? डॉ. लोहियांच्याच चरित्रातील एक गोष्ट येथे मार्गदर्शक ठरेल. त्यांचा जन्म २३ मार्च १९१० चा. त्याच तारखेस १९३१ मध्ये भगतसिंग, राजगुरू व सुखदेव फाशी गेले. त्या कारणास्तव लोहिया आपला वाढदिवस साजरा करीत नसत, असे त्यांचे सहकारी सांगत. तारखेचे साम्य योगायोगाचे होते. पण त्या साम्याचा मान कसा राखावा, हे एका माणसाने स्वतः ठरविले. तारखेला अर्थ येतो तो अशा निर्णयांतून.

या सर्व नोंदींतून आणखी एक सूत्र हाती लागते. राणीसाहेबांच्या अखेरच्या क्षणाविषयी कागद परस्परविरुद्ध आहेत. द गॉल यांच्या पहिल्या आवाहनाचे ध्वनिमुद्रण नाही. कपिल देव यांच्या खेळीचे चित्रण नाही. हे प्रसंग टिकले ते पाहणाऱ्यांनी सांगितले व लिहिले म्हणून. मडगावच्या मैदानावर १९४६ साली पावसात उभ्या असलेल्यांपैकी जे थोडे हयात असतील ते आज नव्वदीच्या आसपास वा त्यापुढे आहेत. त्यांच्या आठवणी, अथवा त्यांनी मुलानातवंडांना सांगितलेल्या हकिगती, लिहून घेण्यास उरलेला काळ अल्प आहे. चौकातील स्मारक राज्याला उभारता येते. घरातील आठवण घरच्यांनीच जपावी लागते.

शिक्षकांसाठी सूचना

एक : दिनविशेषाच्या प्रत्येक ओळीसमोर वर्ष, स्थळ आणि माहितीचा आधार लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. दोन : एका तारखेच्या दोन घटना घेऊन त्यांत खरा संबंध आहे की केवळ योगायोग, यावर वर्गात चर्चा घडवावी. तीन : जेथे तारखेविषयी मतभेद आहेत तेथे दोन्ही मते नोंदवावीत. चार : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा वाड्यावरील एका वृद्ध व्यक्तीला गाठून मुक्तीपूर्व काळातील एक आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, त्यावर सांगणाऱ्याचे नाव व ऐकल्याचा दिवस घालावा आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.

येता अठरा जून उजाडेल तेव्हाही बहुधा पाऊस असेल. मैदानावर ध्वज चढेल, भाषणे होतील आणि दुपारपर्यंत चौक रिकामा होईल. त्या दिवशी फळ्यावर चार ओळी लिहिणाऱ्या मुलाला त्यांतील निदान एका ओळीचा साक्षीदार कोण, हे ठाऊक असेल तर त्या दिवसाचे पालन यथार्थ झाले असे म्हणता येईल.